बस कुणासाठी वाकली

बसला वाकायला आम्ही शिकवलं, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की मगदूमनं लपवलं. लपवलं तर आहेच, पण ते वेगळं, त्याच्याकडं मी येतोच.

मी भूपाल मगदूम. सांगली-मिरजेच्या मधोमध कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत 'सुगम कोच' नावाचा आमचा कारखाना आहे. आम्ही बुटक्या तळाच्या बस बनवतो, म्हणजे दारात पायरी नाही, फूटपाथवरून पाऊल उचललं की थेट आत. सव्वीस वर्षं मी तिथं घासतोय आणि त्यातली वीस 'रॅम्प आणि हवा' या खात्यात गेली. रॅम्प म्हणजे दारातून बाहेर सरकणारी फळी. हवा म्हणजे चाकांजवळचे जाड रबरी फुगे, ज्यांच्यावर बसचा सगळा भार असतो. डावीकडच्या फुग्यांतली हवा सोडली की बस दाराच्या बाजूला चार बोटं खाली येते, बसायला निघालेली म्हैस एका अंगावर कलते तशी. व्हीलचेअर आत जाते, हवा परत भरते, बस सरळ होते. कारखान्यात आम्ही याला 'वाकणं' म्हणतो. माहितीपत्रकात काहीतरी भारदस्त नाव आहे, पण ते छापणाऱ्यालासुद्धा आठवत नाही.

पूर्वी दाराशेजारी एक निळं बटण असायचं. ज्याला बस वाकवून हवी त्यानं ते दाबायचं. मग आत घंटा वाजायची, ड्रायव्हर सुस्कारा टाकायचा, चाळीस माणसं माना वळवून बघायची. आमचे मालक अभिनंदन आवटे म्हणाले, "मागायला लागणं हीच खरी पायरी आहे. ती काढा." मालकांना अशी वाक्यं सुचतात. या वेळी मात्र ते खरं बोलले होते, हे मी मान्य करतो. आम्ही बटण काढलं आणि बसला माणूस ओळखायला शिकवायचं ठरवलं.

ते काम शबनम नाईकवडीनं केलं. वय तीस, वालचंद कॉलेजची इंजिनियर, बोलणं तोफेसारखं. तिनं दाराच्या वर वहीएवढं रडार बसवलं. रडारला चेहरा दिसत नाही, कपडे दिसत नाहीत, फक्त हालचाल दिसते. माणूस स्टॉपवर येताना जी दहा-बारा पावलं टाकतो, तेवढ्यात ते मोजतं की पाऊल किती लांब पडलं, पंजा जमिनीपासून किती उचलला, हात किती झुलले, अंग कुठं कललं. प्रत्येकाची चाल अंगठ्याच्या ठशासारखी वेगळी असते, त्यामुळं नाव माहीत नसतानाही रोजचा माणूस बसला ओळखू येतो. मग चढताना कोण अडखळलं, कुणी दांडा घट्ट धरला, हेही ते टिपून ठेवतं. आधी तीन वर्षं शहरातल्या जुन्या बसवर हे रडार नुसतं बघत राहिलं आणि अशा लाखो चढण्यांवरून बस स्वतःच शिकत गेली की कुठल्या चालीच्या माणसाला वाकणं लागतं. एक बस शिकली की रात्रीतून सगळ्या बस शिकायच्या.

दोन हजार पस्तीस साली आमच्या या बस शहरात धावायला लागल्या. काठीवाली आजी यायची, बस वाकायची. पोटुशी बाई यायची, बस वाकायची. कुणी कुणाला काही मागायचं नाही. पहिल्या महिन्यात मी सुट्टीच्या दिवशी उगाच स्टॉपवर जाऊन बसायचो, एवढा मला अभिमान होता.

सहा महिन्यांनी डेपोतून तक्रार आली की तुमची बस धडधाकट माणसांसाठी पण वाकते. दर वेळी बारा सेकंद जातात. दुरुस्त करा.

शबनमनं नोंदी काढल्या. तेवीस चाली अशा होत्या की त्या माणसांना चढायला काडीचा त्रास नव्हता आणि तरीही बस त्यांच्यासाठी हमखास वाकत होती. आम्ही दोघं टॅब घेऊन स्टॉपस्टॉपवर उभे राहिलो आणि तेवीसच्या तेवीस माणसं गाठली. त्यात एक तालमीचा वस्ताद होता, मान खांद्यांत बुडालेला. तो आमच्यावर खेकसला, "मला काय धाड भरलीय? ती बस काय मला म्हातारा समजती का?" आम्ही माफी मागितली. डेपोला कळवलं की मशीन जरा जास्त हळवं झालंय, सुधारतो. मग दुसरी कामं आली आणि ते राहून गेलं.

वर्षभरानं राहिलेलं काम उरकायला आम्ही परत त्याच माणसांकडं गेलो. वस्ताद घरी होता. शर्टाची बटणं त्याची सून लावत होती, कारण त्याची बोटं थरथरत होती. दुसऱ्या घरी एक शिंपी मशीन विकायला काढून बसला होता. तिसऱ्या घरी चाकाची खुर्ची होती. आम्ही तेवीस घरं फिरलो. एकवीस घरांत काही ना काही झालं होतं. चौदांना कंपवात, पाचजणांच्या पायातली ताकद वितळत चाललेली, दोघांना आणखी काही.

परत येताना शबनमनं टॅबवर त्या नोंदी पुन्हा काढल्या. मग म्हणाली, "सर, बस चुकत नव्हती. तिला आपण विचारलं, कुणाला चढायला त्रास होतो? ती शिकत शिकत त्याच्या पुढं गेली. कुणाला होणार आहे, हे ती सांगायला लागली."

ते कसं, हे तिनं मला कागदावर काढून दाखवलं. आजार मेंदूत किंवा नसांत सुरू होतो तेव्हा माणसाला पत्ता नसतो, डॉक्टरलाही नसतो. पण पंजा दोन मिलिमीटर कमी उचलला जातो, एक हात दुसऱ्यापेक्षा कणभर कमी झुलतो. आपल्या डोळ्याला ते दिसणं शक्य नाही. बसनं मात्र हजारो रोजची माणसं वर्षानुवर्षं चालताना बघितली होती. आज जो अडखळतोय तो दोन वर्षांपूर्वी कसा चालायचा, हे तिच्याजवळ होतं.

आम्ही मालकांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मगदूम, आपण बस बनवतो. दवाखाना नाही काढलेला."

"पण मालक, लोकांना कळायला नको?"

"कळलं तर काय करतील? औषध आहे यातल्या कशावर? नाही ना? उद्या हे बाहेर फुटलं तर कोण चढंल आपल्या बसमध्ये? बस बंद पडतील. मग ती काठीवाली आजी, ती व्हीलचेअरवाली पोरं, परत घरात बसतील. एवढ्यासाठी बनवल्या का आपण?" त्यांचा आवाज चढला नाही. "कुणाला बोलायचं नाही."

शबनम वाद घालत राहिली. मी घातला नाही. मला मालकांचं पटलं होतं. तोवर ती तेवीस माणसं परकी होती, हे कारणसुद्धा असेल.

आता आमच्या कारखान्यातली एक पद्धत सांगतो. नवी बस तयार झाली की नारळ मंत्री फोडत नाहीत, मालकही फोडत नाहीत. एका कामगाराची बायको फोडते आणि पहिली तीच बसमध्ये चढते. फार वर्षांपूर्वी एक मंत्री तीन तास उशिरा येणार असं कळलं, तेव्हा नवऱ्याचा डबा घेऊन आलेल्या एका बाईला मालकांनी पुढं केलं आणि तिथून हे सुरू झालं. ज्याची नोकरी जुनी त्याचा मान आधी. दोन हजार सदतीसच्या फेब्रुवारीत पाचशेवी बस बाहेर पडणार होती आणि मान आमच्या घरी आला.

माझी बायको त्रिशला शाळेत खेळाची शिक्षिका आहे. खो-खो शिकवते. सत्तेचाळिसाव्या वर्षी पोरींच्या पुढं पळते आणि त्यांना म्हाताऱ्या म्हणून चिडवते. तिच्या हाताखालच्या चार मुली राज्याच्या संघात खेळल्या. तिला स्वतःला देशाचा संघ शिकवायचा होता. वीस वर्षं ती त्या एका पत्राची वाट बघत होती, हे मला, शाळेला आणि आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यालाही माहीत होतं.

त्या दिवशी तिनं हिरवी इरकल नेसली होती. हातात नारळाचं ताट. मांडवापासून बसच्या दारापर्यंत वीसेक पावलं, दोन्ही बाजूंना तीनशे कामगार आणि त्यांच्या घरची माणसं. त्रिशला चालत निघाली. ती दारापासून हातभर अंतरावर आली, फुग्यांतून फुस्स आवाज झाला आणि पाचशेवी बस तिच्यापुढं वाकली.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांना वाटलं, मुद्दाम केलंय. कारखान्यानं वहिनींना नमस्कार घातलाय. कुणीतरी शिट्टी मारली. मालकांनीसुद्धा माझ्याकडं बघून शाबासकीची मान हलवली. त्रिशला मागं वळली, लाजली, आणि मला म्हणाली, "अहो, काय हे? सगळ्यांसमोर?"

गर्दीपलीकडं शबनम उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

मी हसलो. म्हणालो, "मग? तुझा मान आहे."

त्या एका वाक्यावर पुढचे चौदा महिने गेले.

दुपारी सगळे जेवायला बसल्यावर मी शबनमला ओढत बसपाशी नेलं. मला एक आशा होती. ताट धरलं की हात झुलत नाहीत, म्हणून रडारचा घोटाळा झाला असणार. शबनम स्वतः ताट घेऊन चालली. बस ताठ. कँटीनच्या शेवंतामावशींना बोलावलं, त्या साठीच्या, त्यांनाही ताट देऊन चालवलं. बस जागची हलली नाही. "माझ्यासाठी का नाही वाकत ओ?" असं म्हणून मावशी रुसल्या. शबनमनं टॅबवर त्रिशलाची वीस पावलं काढली.

"डावा पंजा," ती म्हणाली. "जवळजवळ दोन मिलिमीटर कमी उचलला जातोय. त्या पाचजणांसारखं आहे, सर. कंपवाताच्या चौदांसारखं नाही."

त्या पाचजणांमधला एकही दीड वर्षानंतर काठीशिवाय चालत नव्हता.

मी तिला म्हटलं, तेवीसमधले दोघं ठणठणीत राहिले होते. ती म्हणाली, "हो सर, राहिले होते." मग तिनं टॅब बंद केला आणि ताट कँटीनमध्ये परत नेऊन दिलं.

त्रिशलाला या प्रकरणाचा भारी आनंद झाला होता. दुसऱ्याच आठवड्यात ती शाळेला जाताना शहरातल्या बससमोर उभी राहिली, तर तीही वाकली. संध्याकाळी घरात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाली, "सगळ्याच बसमध्ये माझं नाव घातलंय वाटतं?" मी हो म्हणालो. मग ती खो-खोच्या पोरींना घेऊन स्टॉपवर जायला लागली. "बघा गं, मगदूम सरांनी माझ्यासाठी काय केलंय ते." पोरी टाळ्या पिटायच्या. हे ती मला जेवताना रंगवून सांगायची आणि मी भाकरीचा तुकडा तोंडात नुसता फिरवत राहायचो.

मी काय काय केलं ते सांगतो. सगळ्या कामगारांच्या कुटुंबांची आरोग्य तपासणी काढली. तीनशे घरं तपासली, एका माणसासाठी. मिरजेहून आलेल्या नसांच्या डॉक्टरांनी त्रिशलाच्या गुडघ्यावर हातोडी मारली, टाचेवर चालवलं, चवड्यावर चालवलं आणि म्हणाले, "मॅडम, माझ्यापेक्षा तुम्ही फिट आहात." मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं की असले आजार लवकरात लवकर कधी कळतात. ते म्हणाले, "पेशंटला कळल्यावर सहा महिन्यांनी आम्हाला." त्यांना वाटलं, मी चौकस माणूस आहे.

मी मैदानावर जाऊन बसायला लागलो. आठ पोरी खांबांमध्ये एकाआड एक उलट तोंडं करून बसलेल्या, त्रिशला त्यांच्या मधून नागमोडी पळत ओरडतेय. पूर्वी मी तिचं ओरडणं ऐकत असे, आता तिचा डावा पाय बघायचो. मला काहीच दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणून बरं वाटायचं आणि घरी येताना बस वाकायची.

शेवटी शबनमला विचारलं, "तिची चाल यादीतून वगळता येईल का?"

"येईल. एका ओळीचं काम आहे. मग तिच्यासाठी बस कधीच वाकणार नाही."

मी विचार केला. आज वगळली तर ती विचारणार, मान कुठं गेला? आणि पुढं खरोखर पाय उचलेना झाला तर तिच्याच नवऱ्याची बस तिच्यासमोर ताठ उभी राहणार. "राहू दे," मी म्हणालो.

"सर, मॅडमना सांगा."

"काय सांगू? औषध आहे?"

"औषध नाही, म्हणूनच सांगा."

त्या वेळी मला तिचं म्हणणं पोरकट वाटलं. तिचं लग्नही झालं नव्हतं अजून, तिला काय कळतंय, असंही मनात आलं.

जूनमध्ये पत्र आलं. देशाच्या महिला संघासाठी वर्षभराचं शिबिर, ओडिशात, प्रशिक्षक म्हणून मगदूम मॅडम. त्रिशलानं ते तीनदा वाचलं आणि मग देवापुढं ठेवायचं सोडून माझ्यापुढं ठेवलं.

"जाऊ का?"

तिला फक्त हो ऐकायचं होतं. बॅग तिनं मनातल्या मनात भरलेली मला दिसत होती. आणि मला हेही माहीत होतं की तिच्याजवळ पळण्याचं एकच वर्ष आहे, आणि ते हेच आहे.

मी म्हणालो, "मला दोनदा चक्कर आली गं. तुला सांगितलं नव्हतं. रक्तदाब वाढलाय."

मला एकदाही चक्कर आली नव्हती. ओडिशात ती पडली तर तिला कोण उचलणार, असं मी स्वतःला बजावलं होतं. पण खरं कारण ते नव्हतं. उरलेलं वर्ष मला हवं होतं. ती माझ्यासमोर चालताफिरताना मला बघायची होती. प्रेम होतं म्हणून केलं असं म्हणायला मी मोकळा आहे, पण त्याला चोरी म्हणतात हे मलाही समजत होतं.

तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. पत्राची घडी घातली. "असूदे. पुढच्या वर्षी परत बोलावतील की. मी कुठं पळून चाललेय?" त्याच दिवशी तिनं नकार कळवला आणि तेव्हापासून माझ्या भाजीतलं मीठ निम्मं केलं. ते अळणी जेवण मी दहा महिने जेवलो.

दोन हजार अडतीसच्या एप्रिलमध्ये सगळं फुटलं. मिरजेतल्याच एका दुसऱ्या डॉक्टरांना त्यांचे पेशंट सांगायचे, "डॉक्टर, मला काही होत नव्हतं तेव्हापासून बस माझ्यासाठी वाकायची." एकानं सांगितलं, दुसऱ्यानं सांगितलं, अकरावा सांगायला लागला तेव्हा डॉक्टरांनी ते लिहून काढलं. पेपरात पहिल्या पानावर आलं.

आठ दिवसांत शहर बदललं. लोक स्टॉपवर एकमेकांना चिकटून उभे राहायला लागले, म्हणजे कुणासाठी वाकली ते कळू नये. काहीजण घरात आरशासमोर लष्करी चाल गिरवायचे. लग्न जमवताना मुलीकडच्यांना निरोप जायला लागले की मुलीला दाखवायला गाडीनं आणू नका, बसनं आणा, आम्ही स्टॉपवर घ्यायला येतो. एका कारखान्यानं नोकरभरतीच्या मुलाखती बसस्टॉपशेजारच्या हॉलमध्ये ठेवल्या. चार बसच्या काचा फुटल्या. महापालिका म्हणाली, रडार बंद करा. तेव्हा व्हीलचेअरवाल्यांचा मोर्चा आमच्याच फाटकावर आला, बंद करू नका म्हणून. मालक दोन्हीकडं हात जोडत होते. बंद करायचं तर जुनं बटण परत बसवायला हवं, त्याला एक वर्ष लागणार होतं. तोवर बस वाकतच राहणार होत्या.

पेपर आला त्या दिवशी त्रिशला शाळेतून चालत घरी आली. चार किलोमीटर. दुपारचे तीन वाजले होते, मी कारखान्यातून आधीच घरी येऊन बसलो होतो. तिनं चप्पल काढली. डाव्या पायातली काढायला तिला जरा वेळ लागला. गेले दोन महिने लागत होता, नवी चप्पल चावते म्हणायची.

ती माझ्यासमोर बसली. पेपर तिच्या पिशवीत होता, तो तिनं बाहेर काढला नाही.

"माझं नाव तुम्ही घातलं होतं न्हवं?"

मी तिच्या पिशवीकडं बघत राहिलो.

"नुसतं हो म्हणा. मी परत विचारणार नाही, आयुष्यात कधी."

ती मला वाट करून देत होती. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिनं मला अशा पुष्कळ वाटा करून दिल्या होत्या आणि मी त्यातून निसटलोही होतो. त्या दिवशी हो म्हणता आलं नाही. रडू आलं.

ती रडली नाही. बराच वेळ माझं आवरेपर्यंत थांबली, वर्गात पोर रडत असलं की थांबते तशी.

"कधीपासून माहीत होतं?"

"नारळापासून."

"म्हणजे ते टाळ्या वाजवत होते तेव्हा."

"हो."

"मी पोरींना न्यायची स्टॉपवर दाखवायला." तिनं स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवला. "आणि पत्र आलं तेव्हा?"

"माहीत होतं."

"चक्कर आली होती?"

"नाही."

ती उठली, स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, परत आली. मला वाटलं आता भांडेल. ती भांडावी असं मला फार वाटत होतं.

"अहो, आजार तुम्ही दिला नाही. त्याचं मी काय बोलू? पण एक वर्ष होतं माझ्याकडं. मी विचारलं होतं तुम्हाला, जाऊ का. तुम्ही ते घेतलंत आणि मला मीठ कमी करायला लावलं."

मी म्हणालो, फोन करू या, अजून शिबिर असेल. तिनं केला फोन, माझ्यासमोरच. पलीकडच्या बाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, या वर्षी दुसरे कोच नेमलेत, पण मदतनीस म्हणून नक्की या, मॅडम, फक्त पळण्याची चाचणी द्यावी लागेल, सगळ्यांनाच आहे. त्रिशला म्हणाली, बघते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैदानावर गेली आणि खांबापासून खांबापर्यंत पळाली. मी कुंपणाबाहेरून बघत होतो. तिसऱ्या वळणाला डावा पंजा मातीत घासला. आता तो कुणालाही दिसला असता. ती पडली नाही, पण थांबली. पोरी तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या. तिनं शिट्टी वाजवून त्यांना खेळायला लावलं आणि ओडिशाला परत फोन केला नाही.

मिरजेच्या त्याच डॉक्टरांनी या वेळी तिला 'माझ्यापेक्षा तुम्ही फिट आहात' असं म्हटलं नाही. तपासण्या झाल्या. नाव कळलं. नाव कळून जे होतं तेवढंच झालं.

गेल्या सोमवारी ती परत शाळेला निघाली. रिक्षा बोलावू का, असं मी विचारलं. नको म्हणाली. मी सोबत येतो म्हणालो, तर नको म्हणाली नाही, एवढंच.

स्टॉपवर वीसेक माणसं होती, सगळी घोळका करून. आम्ही कडेला उभे राहिलो. बस आली, दार आमच्यासमोर उघडलं, फुग्यांतली हवा सुटली आणि बस वाकली.

कुणीही पुढं सरकलं नाही. प्रत्येकजण दुसऱ्याच्या पायाकडं बघत होता. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई दोन पावलं मागं गेली. कॉलेजातला एक मुलगा पांढराफटक पडला होता, स्वतःच्याच बुटांकडं बघत होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तरी कुणी हललं नाही.

त्रिशलानं हात वर केला, वर्गात हजेरी देतात तसा.

"माझ्यासाठी वाकलीय. तुम्ही कुणी घाबरू नका. चढा सगळे."

ती पुढं झाली. दाराशी तिनं डाव्या मांडीखाली हात घालून पाय उचलला आणि आत ठेवला. मी धावत जाऊन तिचं कोपर धरलं. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली. रागानं नाही, सावकाश.

"तुम्ही हात नका लावू. बस वाकलीय की."

ती आत गेली. तिच्यामागून ती बाई चढली, तो मुलगा चढला, सगळी माणसं चढली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती. कुणीतरी हसलंसुद्धा, आणि त्यांना मी दोष देणार नाही. दार बंद झालं, फुग्यांत हवा भरली, बस सरळ झाली आणि निघाली. खिडकीत त्रिशला दिसली. ती समोर बघत होती.

मी फूटपाथवर उभा होतो. चढा म्हणून तिनं सगळ्यांना सांगितलं होतं, मला सांगितलं नव्हतं.